पुराच्या पोरांनी समुद्रात सराव करायचा का?

पंचगंगाकाठ:
आमच्या कोल्हापूरच्या पूर-बचाव गटातली १४ पोरं गेल्या आठवड्यात फोंडा घाट उतरून मालवणला गेली, किनाऱ्यावर शोध-बचावाचं काम करणाऱ्या तिथल्या मंडळींबरोबर दोन दिवस सराव केला, आणि परत आल्यापासून तालमीत एकच वाद, नदीच्या पोरांना समुद्र कशाला. मी स्वतः गेलतो म्हणून सांगतो, जायलाच पाहिजे, दरवर्षी, आणि जूनच्या आत, कारण १ जूनपासून मासेमारी बंद आणि समुद्र खवळलेला.

एक प्रसंग सांगतो. लाइफ जॅकेट घातलेला पुतळा पाण्यात टाकला, "माणूस पडला" अशी हाळी दिली. बोटीत एकाचं काम एवढंच, हात पुतळ्याकडं रोखून धरायचा आणि नजर हलवायची नाही. ते काम माझ्याकडं होतं. पायात अडकलेली दोरी सोडवायला खाली बघितलं, दोन सेकंद असतील, वर बघतोय तर नुसत्या लाटा. सापडायला वीस मिनिटं गेली, ती पण शेत नांगरल्यासारखे एकाला एक लागून पट्टे मारत. आपल्या रंकाळा तलावात हे कसं शिकणार? तिथं टोपी पडली तरी पार पलीकडनं दिसते.

शिवाजीपेठकर:
भावा, तुझी तळमळ कळते पण मला हे पटत न्हाई. समुद्रात शिकवतात की आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं. बरोबर हाय, पण आपल्या पुरात त्याचा काय उपयोग? आपल्या पाण्याखाली ऊस हाय, काटेरी तारा, मोटारींच्या केबली, विजेचे खांब. फांद्यांत माणूस अडकला की पाणी त्याला दाबूनच धरतं. आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर आपल्याच नावाचे, त्यावरनं नुकतं पाणी जायला लागलं की खालच्या अंगाला ते उलटं फिरतं, काठावरनं शांत दिसतं पण आत गेलेला माणूस तिथंच गरागरा फिरत राहतो, बोटसुद्धा ओढून घेतं. मालवणात बंधारा हाय का? त्या खर्चात दहा-बारा जॅकेटं आली असती.

पंचगंगाकाठ:
बंधाऱ्याचं शंभर टक्के मान्य. पण २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं आठव, पुरातनं बाहेर काढत असलेली बोटच उलटली आणि गावची माणसं गेली. बोट उलटते हे धरूनच शिकायला पाहिजे. आम्ही मुद्दाम उलटवली. दोघं बोटीखाली, अंधार, कानात पाणी, आणि एकानं दोन्ही हातांनी माझा गळाच धरला, पट्टीचा पोहणारा पोरगा हा. तिसऱ्या वेळेला त्यानंच दोरी वरनं टाकली, कडेवर उभा राहून मागं रेलला आणि बोट सरळ केली. हे मला ऑगस्टमध्ये नको होतं, एप्रिलमध्येच कळायला हवं होतं.

शिरोळची सून:
तुम्ही दोघं पाण्याचं बोलताय, बोटीत बसणाऱ्या माणसाचं कोण बोलणार? २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३, आणि आमच्याकडं तर कृष्णा पण आणि पंचगंगा पण. आम्ही माडीवर. बोट आली तर सासूबाई हलेनात, खाली दोन म्हशी दावणीला, पाणी त्यांच्या पोटाला लागलेलं. बोटवाले ओरडायला लागले, "चला लवकर", तशा त्या खांबाला आणखीनच घट्ट धरून बसल्या. शेवटी एक पोरगा वर आला, त्यांच्या शेजारी खाली बसला, म्हणाला "आजी, म्हशी पोहतात, दावी कापतो, तुमच्यासमोर कापतो." कापली, मग त्या उठल्या. एक म्हैस चार दिवसांनी मिळाली. म्हातारं माणूस खिडकीतनं बोटीत कसं उतरवायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, याचा सराव मालवणात पण होत नाही आणि रंकाळ्यात पण नाही.

उचगावकर:
आणि रात्रीचे सराव चाललेत म्हणून ऐकलं, त्याला माझा साफ विरोध. स्वयंसेवक म्हणजे कुणाची तरी पोरंच की, पगार नाही, नोकरी नाही, उद्या काय झालं तर आईबापाला काय सांगणार? विमा काढलाय का?

पंचगंगाकाठ:
पूर रात्री पण चढतो काका, म्हणून रात्रीचा सराव मी सोडणार नाही. पण विमा नाही काढला, ही चूक आहे. तो होईपर्यंत रात्री कुणाला पाण्यात उतरवत नाही, शब्द देतो.

शिवाजीपेठकर:
विम्याच्या वर्गणीत माझे ५०० धर. मालवणला मात्र अजून माझं न्हाईच. त्यापेक्षा आत्ता नदी आटलीय तोवर पोरांना घेऊन काठानं चालू, तारा कुठं, खांब कुठं, बंधारा कुठं ते उघड्यावर बघून वहीत उतरवू, पाणी चढल्यावर कुणाला काय दिसणार? रविवारी सहाला शिवाजी पुलाजवळ येतो. आणि ताई, सासूबाई सरावाला बोटीत बसायला येतील का विचारा, खरं म्हातारं माणूस पाहिजे, पुतळ्यावर ते कळणार न्हाई.

शिरोळची सून:
विचारलं. येतो म्हणाल्यात, पण धार काढून झाल्यावर. साडेसातच्या आत नाही.