हवामानबदल माणसामुळेच हे कशावरून? आणि त्यात झाडांचं नेमकं काय बिघडतं?

प्रश्न · ओलसर_माती

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढलाय हे मोजून कळतं, त्यात वाद नाही. पण ही भर ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आली नाही, कोळसा-तेल जाळूनच आली, हे कसं ओळखतात? सूर्यच जास्त तळपत असेल तर? दुसरं असं, की झाड एका दिवसात दहा-पंधरा अंशांचा चढउतार सोसतं. मग सरासरी अंश-दीड अंशाने वाढली तर त्याचं एवढं काय बिघडतं? शिवाय कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं खाद्यच. मग फायदा का धरू नये?

उत्तर · वाढवलय

कार्बनवर त्याच्या उगमाची खूण असते, आणि ती झाडाच्या लाकडातही उतरते.

कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४ हे कार्बनचेच कमी-जास्त वजनाचे अणू. यातला कार्बन-१४ किरणोत्सारी, सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यामुळे त्यात तो उरलेलाच नसतो. कार्बन-१३ चं वेगळं आहे. वनस्पती अन्न बनवताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कशातही कार्बन-१३ कमी सापडतो. आता एकेक संशयित तपासा. ज्वालामुखीच्या वायूत कार्बन-१४ नसतो, पण कार्बन-१३ इतका कमी नसतो. समुद्रातून वायू सुटला असता तर हवेतला कार्बन-१३ असा घसरला नसता. उलट समुद्र कार्बन शोषून आम्लतेकडे सरकतोय. आजचं जंगल जळलं तर कार्बन-१३ कमी, पण कार्बन-१४ हजर. दोन्ही कमी असलेला मोठा साठा एकच, जमिनीखालचं इंधन. रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५५ साली कार्बन-१४ ची ही घट लाकडात मोजून दाखवली. मात्र त्यानंतरची लाकडातली वाढवलयं वाचताना जपावं लागतं, कारण अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची मोठी भर घातली. त्या काळासाठी कार्बन-१३ आणि हवेतल्या ऑक्सिजनची घट हे पुरावे जास्त कामाचे. जळताना ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीचा वायू सुटताना तसा होत नाही.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे: उद्योगयुगाआधी दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग, १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५, आता ४२० च्या वर.

सूर्याचं म्हणाल, तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजताहेत. ११ वर्षांचं चक्र दिसतं, चढता कल दिसत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा स्थितांबर निवतोय. वाढत्या कार्बन डायऑक्साइडकडून हेच अपेक्षित असतं.

उत्तर · पर्णरंध्र

झाडाला उकाड्यापेक्षा हवेची तहान जास्त छळते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून बघा. ३० अंशांना संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरचा बाष्पाचा दाब, ४.२४ किलोपास्कल. आर्द्रता ५० टक्के असेल तर तूट, म्हणजे हवा भरायला कमी पडणारा दाब, २.१२. हवेतलं बाष्प तेवढंच ठेवून तापमान ३२ केलं, तर संपृक्त दाब ४.७६ आणि तूट २.६४. दोन अंशांत पानातून पाणी खेचणारी ओढ जवळजवळ पावपट वाढली, आणि जमिनीतलं पाणी मात्र आहे तेवढंच.

अशा वेळी झाड कात्रीत सापडतं. पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटली तर पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही; साखर बनणं थांबतं आणि श्वसनाचा खर्च चालूच राहतो. उघडी ठेवली तर जलवाहिन्यांतला पाण्याचा स्तंभ ताणून तुटतो, तिथे हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. पाणी जितकं उंच चढवायचं तितका ताण जास्त, म्हणून उंच झाडांना धोका अधिक.

कीड यातूनच शिरते. पाइन वृक्ष साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना राळेने बाहेर ढकलतो. तहानलेल्या झाडाकडे राळच कमी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना मारायची. हिवाळे सौम्य झाल्यावर तिथली पाइनची जंगलं फार मोठ्या क्षेत्रावर गेली.

उत्तर · नत्रस्फुरद

खाद्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. कार्बन वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढतं आणि पाण्याचा वापरही काटकसरीने होतो. पण नत्र आणि स्फुरद त्या प्रमाणात मिळालं तरच लाकूड वाढतं. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगात स्वीटगम जातीच्या झाडांना जास्त कार्बन डायऑक्साइड दिला, तेव्हा उत्पादनातली वाढ सुरुवातीला २४ टक्के होती. २००८ पर्यंत ती ९ वर आली, नत्र कमी पडलं म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या निलगिरींनी स्फुरद कमी असलेल्या जमिनीत सुमारे १२ टक्के जादा कार्बन घेतला, पण खोड वाढलं नाही. तो श्वसनावाटे परत हवेत गेला.

उत्तर · बुंधा_उघडा

एखादं झाड वाळलं की लगेच हवामानावर ढकलू नका. आधी बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा. खोड खाली रुंद होत न जाता खांबासारखं सरळ जमिनीत शिरत असेल, तर झाड खोल लागलंय किंवा नंतर वर भर पडलीय. खोडाला विळखा घालणारं मूळ दिसतंय का पाहा. ओल्या मातीत बारीक सळई १५ सेंटीमीटरही जात नसेल तर माती दबलीय. याउलट शेंड्याकडून फांद्या वाळताहेत, पानं कडेकडून करपताहेत आणि दूरदूरच्या जागी त्याच जातीची झाडं एकाच काळात तशी दिसताहेत, तर संशय दुष्काळ-उष्णतेवर. परिणाम दोन-तीन वर्षांनीही उमटतो, तेव्हा फक्त चालू हंगाम पाहून निदान करू नका.

नवीन लावताना खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. खाली मोकळी माती भरली की झाड खचतं. गोल फिरलेली मुळं कापून टाका. पाचोळ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटीमीटर जाड, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. साल सतत ओली राहिली तर कुजते.

ओलसर_माती

पाणी रोज थोडं की क्वचित भरपूर?

बुंधा_उघडा

पहिले काही आठवडे मुळं हुंडीबाहेर पडलेली नसतात, तेव्हा हुंडी सुकू देऊ नका. पुढे पाळ्या लांबवा आणि पाणी खोल मुरवा, नाहीतर मुळं वरच्या थरातच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात अडकतात. एक मीटर व्यासाचं आळं ३० सेंटीमीटर खोल भिजवायचं आणि माती घनफळाच्या १५ टक्के पाणी घेते असं धरलं, तर सुमारे ३५ लिटर लागतात. वाळूच्या जमिनीत दोन वेळा वाटून द्या. दुसऱ्या दिवशी सळई खुपसा. ३० सेंटीमीटर सहज गेली तर पाणी पोचलं.