मदत हवी आहे: एक्सलच्या नळीला स्पिंडल जोडताना वेल्डच्या कडेला तडा

ट्रॉली_साकीनाका
जनरेटर ट्रॉलीचे एक्सल बनवतो. नळीत स्पिंडल (चाकाचं बेअरिंग बसतं तो टोकाचा दांडा) बसवून सीओटूने गोल वेल्ड मारतो. संध्याकाळी माल एकदम व्यवस्थित, सकाळी बघावं तर वेल्डच्या कडेला केसासारखा तडा. वायर बदलली, अँपिअर कमी-जास्त करून पाहिले, वेल्डरही बदलला. सोमवारी डिलिव्हरी आहे. कुठली वायर वापरू तेवढं सांगा.

भट्टी_तळोजा
वायरचं नंतर बघू. स्पिंडल कुठल्या मटेरियलचा आहे? नळी कुठली, जाडी किती? प्रीहीट (वेल्डच्या आधी तापवणं) देता का? तडा वेल्डमध्ये आहे, नळीच्या बाजूला की स्पिंडलच्या?

ठिणगी
दादा, ३१२ चा स्टेनलेस इलेक्ट्रोड मारा आणि मोकळे व्हा. कुठलंही कडक मटेरियल असो, तडा जात नाही. लीफ स्प्रिंगसुद्धा जोडतात त्याने.

ट्रॉली_साकीनाका
नळी सीमलेस, एसटी ५२, बाहेरून ८९, भिंत १०. स्पिंडल ७५ च्या राउंडमधून, शेपूट ६९ ला टर्न करून नळीत १०० मिमी आत. नळीच्या तोंडाला चॅम्फर, तीन रन. तडा स्पिंडलच्या बाजूला. प्रीहीट नाही, आजवर कधी लागलं नाही. एक्सल ३ टनाचा.

भट्टी_तळोजा
मटेरियल अजून सांगितलं नाहीत.

घर्षणवेडा
ही जोडणी मुळात आर्कने करायचीच कशाला? एक्सलची नळी आणि स्पिंडल म्हणजे फ्रिक्शन वेल्डिंगचं हक्काचं काम. वायर नाही, गॅस नाही, हायड्रोजनचा प्रश्न नाही. एक भाग फिरवायचा, दुसरा दाबायचा, लाल झाला की फिरणं थांबवून जोरात फोर्ज करायचं. एका मिनिटाच्या आत पूर्ण भिंतीचा सांधा होतो.

तुमच्या मापाचा हिशोब देतो. ८९ बाहेर आणि ६९ आत म्हणजे सुमारे २४८० चौरस मिमी क्षेत्र. घासताना ६० मेगापास्कल धरले तर १५ टन दाब लागतो, फोर्जला १२० धरले तर ३० टन. म्हणजे ३० टनाच्या वरचं मशीन हवं. वेग साधारण ४०० ते ६०० आरपीएम. लांबीत ८ ते १२ मिमी जळून फुगवटा होतो, तेवढी लांबी आधीच जास्त ठेवायची. हे आकडे सुरुवातीचे. पक्के करताना नमुने कापून, वाकवून बघावे लागतात.

ठिणगी
साकीनाक्याच्या गाळ्यात ३० टनाचं मशीन ठेवायचं कुठे? विचारलंय वायरचं आणि तुम्ही कारखाना उभारताय.

घर्षणवेडा
जॉबवर्कने करून मिळतं. मशीन विकत घ्या असं मी म्हणालो नाही.

काळबादेवी_बेअरिंग
सगळ्यांना एक सांगणं आहे. टेपर रोलर बेअरिंग लावताना हब फिरवत फिरवत नट घट्ट करा, मग एक खाच मागे घेऊन स्प्लिट पिन लावा. हब हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि हलवल्यावर अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, ग्रेड २ किंवा ३, रोलर आणि केजच्या मध्ये तळहाताने दाबून भरा. हब पूर्ण ठासून भरू नका, गरम होऊन सीलमधून बाहेर येतं.

भट्टी_तळोजा
सल्ला बरोबर आहे, पण इथे स्पिंडलच तुटायला निघालाय. मटेरियल?

ट्रॉली_साकीनाका
ईएन १९ (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील), टी कंडिशन (कडक करून टेंपर केलेलं). पार्टीने या ऑर्डरला तेच मागितलंय. आधी ईएन ८ (साधं कार्बन स्टील) जायचं, तेव्हा हा त्रास नव्हता.

भट्टी_तळोजा
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. सगळं उत्तर यातच आहे.

कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डच्या कडेला स्टील किती कडक होईल त्याचा अंदाज देणारा आकडा) काढा: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनमचा पाचवा भाग. ईएन ८ चं साधारण ०.५३ येतं, ईएन १९ चं ०.७८. त्यात ७५ चा भरीव राउंड. वेल्डची उष्णता तो क्षणात ओढून घेतो, कडेचा पट्टा झटकन थंड होऊन मार्टेन्साइट बनतो, काचेसारखा ठिसूळ. त्यात वेल्डमधून आलेला हायड्रोजन रात्रभर मुरतो आणि सकाळी तडा दिसतो. संध्याकाळी चांगला आणि सकाळी तडा, ही त्याची ठळक खूण. लोड यायच्या आधीच तडा जातोय, तेव्हा ट्रॉलीच्या वजनाचा यात काही संबंध नाही. वायर कितीही बदला, कडेचं स्टील तेच राहणार.

करायचं ते असं. २५० ते ३०० डिग्री प्रीहीट, भरीव स्पिंडलच्या बाजूने सुरुवात करून, कारण वेळ त्यालाच लागतो. एलपीजीचा रिंग बर्नर उत्तम, कटिंग टॉर्चने एकाच जागी मारू नका. ज्वाला बाजूला करा, दोन मिनिटं थांबा, मग वेल्डपासून ७५ मिमीवर तापमानाच्या खडूने तपासा. टर्न केलेल्या चकचकीत पृष्ठभागावर इन्फ्रारेड गन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, तिच्या भरवशावर राहिलात तर जास्त तापवून बसाल. तिन्ही रन एका दमात, मध्ये जेवणाची सुट्टी नाही. तापमान २५० च्या खाली उतरू नये, ३५० च्या वर चढू नये. वेल्ड संपताच त्याच तापमानाला दोन तास धरा म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो, मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश थंड.

ठिणगी
एवढ्या उठाठेवीपेक्षा ३१२ सोपा. हायड्रोजन तो स्वतःत धरून ठेवतो, कडेला जाऊ देत नाही. हे तरी मान्य करा.

भट्टी_तळोजा
ते मान्य. अडलेल्या दुरुस्तीला ३१२ चालतो. पण कडेचा कडक पट्टा तसाच राहतो, आणि तो उतरवायला ५८० ला स्ट्रेस रिलीव्ह (भट्टीत तापवून ताण आणि कडकपणा उतरवणं) करायला गेलात तर ३१२ चा वेल्डच ठिसूळ होतो. एक्सल रोज खड्ड्यात आपटणार आहे. नव्या मालाला हा उपाय मी देणार नाही.

तपासनीस
पावसाळ्याचे दिवस आहेत, म्हणून दोन गोष्टी. मुंबईच्या हवेत उघडी ठेवलेली वायर गंजते आणि त्या गंजात ओलावा बसतो. स्पूल रात्री मशीनवर ठेवू नका, पिशवीत बंद करा. ७०१८ इलेक्ट्रोड वापरणार असाल तर ३०० ते ३५० ला दोन तास बेक करून गरम पेटीतूनच काढा. दुसरं, सीओटूचा सिलिंडर वेल्डिंग ग्रेडचाच घ्या. स्वस्तातला गॅस पाणी घेऊन येतो. नळी आतून तेलकट असते, तीही पुसा, तेलातूनही हायड्रोजनच येतो. आणि पेडेस्टल फॅन वेल्डिंगच्या वेळी बंद. उकाडा असतो, माहीत आहे, पण फॅन गॅस उडवून लावतो.

घर्षणवेडा
म्हणूनच म्हणतो, फ्रिक्शनमध्ये यातलं काहीच नाही.

भट्टी_तळोजा
हायड्रोजन नाही, पण मार्टेन्साइट आहेच. ईएन १९ चा फ्रिक्शन सांधाही हवेत थंड होताना कडक होतो, नंतर टेंपर करावाच लागतो. शिवाय त्यांच्या ७५ च्या राउंडमधून ८९ चं नळीसारखं तोंड निघणार नाही. ९० च्या वरचा राउंड घेऊन आतून ६९ बोअर करावा लागेल. हे तुम्ही सांगितलं नाहीत.

घर्षणवेडा
९० चा राउंड लागेल, बरोबर. टेंपरिंगचंही बरोबर. आणखी एक मीच सांगतो: साध्या मशीनवर थांबण्याचा कोन हातात नसतो, म्हणून ब्रेक फ्लँज आधी लावू नका, सांधा झाल्यावर लावा. आतला फुगवटा नळीतच राहतो, बाहेरचा टर्न करून काढायचा. तरीही दर महिन्याला ठरलेला माल असेल तर माझं मत बदलत नाही.

लोखंडवाला_कळंबोली
कळंबोलीत घेताना टीसी (मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट) मागा आणि हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) बारवर पंच केलेला आहे का ते बघा. टोकाच्या रंगावर जाऊ नका, तुकडा कापला की रंग गेला. ईएन १९ सांगून दुसरंच येतं, तसंच ईएन ८ सांगूनही. मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगारबाजारातून जुने शाफ्ट आणून स्पिंडल करतात त्यांनी तर स्पेक्ट्रो (स्टीलमधल्या घटकांची तपासणी) केल्याशिवाय हात लावू नये.

ट्रॉली_साकीनाका
स्ट्रेस रिलीव्ह करायला सांगताय, पण बेअरिंगच्या जागा फिनिश झाल्यात. भट्टीत टाकल्यावर साइज राहील का?

भट्टी_तळोजा
राहणार नाही. थोडा वाक येतो आणि वरून पापुद्रा धरतो. यापुढे बेअरिंग आणि सीलच्या जागांवर व्यासाला ०.५ मिमी जास्त ठेवून वेल्ड करा, ५८० ला दर २५ मिमी जाडीला एक तास धरा, भट्टीतच थंड करा, मग दोन्ही सेंटरवर घेऊन ग्राइंड करा. भट्टीवाल्याला टीसी दाखवा. बार ज्या तापमानाला टेंपर झालाय त्याच्या निदान ३० डिग्री खाली राहायचं, नाहीतर घेतलेली ताकदच जाते.

तपासनीस
वेल्ड झाल्यावर लगेच तपासून पास करू नका. ४८ तासांनी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट करा, ती नसेल तर निदान डीपी (रंगद्रव लावून तडा दाखवणारी टेस्ट). तडा गेलेल्या नगांवर वरून रन मारून झाकू नका. वेल्ड लेथवर पूर्ण टर्न करून काढा, स्पिंडलवर डीपी मारून तड्याचं टोक गेल्याची खात्री करा, तडा आत शिरला असेल तर स्पिंडल भंगारात.

ट्रॉली_साकीनाका
म्हणजे सोमवार गेला. पार्टीला ईएन ८ वर परत आणता येईल का? ते म्हणतात ईएन १९ मजबूत.

भट्टी_तळोजा
हिशोब दाखवा. एका चाकावर १.५ टन, चाकाच्या मध्यापासून वेल्ड १५० मिमी धरला तर ७५ च्या स्पिंडलवर स्थिर ताण सुमारे ५३ मेगापास्कल. खड्ड्याचे तिप्पट धरले तरी १६०. आणि वेल्डच्या कडेचं फटीग आयुष्य स्टील जास्त ताकदीचं घेतलं म्हणून वाढत नाही, ते वेल्डच्या आकारावर ठरतं. ईएन १९ चा फायदा सांध्यात मिळतच नाही, मिळाला तर बेअरिंगच्या गळ्याशी. तुमचं अंतर मोजून आकडे पुन्हा काढा, शेवटच्या रनची कड ग्राइंडरने गुळगुळीत उतरती करा. आणि ईएन ८ लाही १५० ते २०० प्रीहीट द्या. आजवर निभावलं, पण ०.५३ ला थंड वेल्ड मारणं मला पटत नाही.