ओळख आणि वशिला यांत फरक कुठे? रसायनशास्त्राच्या पदवीनंतरचा नोकरीशोध

सत्तरीकर:
नमस्कार. मी वाळपईजवळच्या एका गावातला असून यंदा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो आहे. गेल्या चार महिन्यांत वेर्णा, कुंडई आणि पिसुर्ले इथल्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांना चाळीसेक अर्ज ई-मेलने पाठवले. दोघांकडून पोच आली, बाकीच्यांकडून तीही नाही. सरकारी जागांसाठी एम्प्लॉयमेंट कार्ड (रोजगार केंद्रातील नोंदणीचे) काढून ठेवले आहे, परंतु तेवढ्या भरवशावर घरी बसण्याची माझी तयारी नाही. कुणाला तरी गाठल्याशिवाय गोव्यात काही होत नाही, असे घरच्यांचे मत आहे. वडील मला एका पुढाऱ्याकडे घेऊन जायला निघाले होते, मी नकार दिला आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. महाविद्यालयात ‘नेटवर्किंग करा’ असे सांगितले गेले, पण म्हणजे नेमके काय करायचे हे कुणी सांगितले नाही. आमची कुळागराची, म्हणजे सुपारीच्या बागायतीची शेती. नात्यात कारखान्यात काम करणारे कोणीही नाही. अनोळखी माणसाकडे जाऊन नोकरी मागणे मला वशिल्यासारखेच वाटते. यात फरक असेल तर तो कोणता, आणि सुरुवात कुठून करावी?

कुंडईची केमिस्ट:
फरक आहे, आणि तो मला स्वतःच्या अनुभवातून कळला. मी माझ्या महाविद्यालयातून आधीच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या अकरा जणांना संदेश पाठवले होते. त्यांत नोकरीचा उल्लेखच केला नाही. ‘तुमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना पहिले काम कोणते देतात, हे जाणून घ्यायचे आहे’ एवढेच विचारले. सात जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी एक सीनियर रविवारी फोंड्याच्या बसस्थानकाजवळ चहाला भेटला. त्या अर्ध्या तासात त्याने जे सांगितले, ते तीन वर्षांत वर्गात कानावर आले नव्हते: क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीत अभिक्रियांच्या लांबलचक यंत्रणा फारशा विचारत नाहीत, तर एचपीएलसीसाठी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणासाठी) मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारे द्रावण, गाळून त्यातली हवा का काढतात, बफरचा (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाचा) पीएच कधी तपासतात, आणि नोंदवहीत आकडा चुकला तर काय करता, हे विचारतात. (एक आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर लावीन असे म्हणालात की मुलाखत तिथेच संपते.) शिवाय त्याच्या लॅबमधले तिघे नुकतेच सोडून गेले असून जाहिरात अजून निघालेली नाही, हेही त्याच्याकडूनच समजले. त्याने माझ्यासाठी कोणाकडे एक शब्दही टाकला नाही. मी अर्ज केला, परीक्षा दिली आणि निवड झाली. वशिला लावणारा निकाल फिरवतो. या सीनियरने मला फक्त दार कुठे आहे ते दाखवले.

ताळगावचा वाचक:
नात्यात कोणी नाही, ही तुम्ही समजता तेवढी मोठी अडचण नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 1973 साली मांडले. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांपैकी केवळ 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत असे, 55.6 टक्क्यांची अधूनमधून आणि 27.8 टक्क्यांची क्वचितच. ते सगळे अनुभवी नोकरदार होते, त्यामुळे हे आकडे नव्या पदवीधराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्यामागचे कारण आपल्याकडेही पटण्यासारखे आहे. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. तुमच्या वडिलांकडे सुपारी आहे, म्हणजे खते आणि बुरशीनाशके विकणारा दुकानदारही असणार, आणि त्याच्याकडे रसायन कंपन्यांचे प्रतिनिधी येतच असतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) मुंबई-पुण्याहून घरी येणाऱ्यांत कोण कुठे काम करतो, हेही आजवर तुम्ही कधी विचारले नसेल.

निवृत्त व्यवस्थापक:
मी बरीच वर्षे भरतीचे काम पाहिले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तुमचे नाव पुढे करणारा माणूस स्वतःची पत पणाला लावतो. एकदा मी एका मुलाची शिफारस केली. रात्रपाळी लागताच तो तिसऱ्या आठवड्यात न सांगता निघून गेला, आणि त्यानंतर दोन वर्षे आमचे उत्पादनप्रमुख माझी शिफारस ऐकून घेईनात. तेव्हा वाळपईहून वेर्ण्याला रोज ये-जा करणार की कुठ्ठाळीच्या बाजूला खोली घेणार, पाळ्या चालतील का, हे कोणाला भेटण्यापूर्वीच घरी ठरवा. कंपनीची बस तुमच्या गावापर्यंत येईल असे गृहीत धरू नका.

सर्वसाधारण ई-मेल पत्त्यावर चाळीस अर्ज पाठवण्यापेक्षा विभागप्रमुखाचे नाव शोधून चारच पाठवा. अॅप्रेंटिसशिपकडेही (कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीकडेही) कमीपणा मानून पाठ फिरवू नका. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही ती खुली झाली आहे. वर्षभर लॅबमध्ये हात बसला की पुढच्या मुलाखतीत ‘अनुभव?’ या रकान्यापुढे काहीतरी लिहिता येते.

सत्तरीकर:
सर्वांचे आभार. सीनियरना पाठवण्यासाठी मसुदा केला आहे: ‘आदरणीय सर, मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो असून कष्टाळू व प्रामाणिक आहे. आपल्या कंपनीत माझ्यायोग्य जागा असल्यास कृपया कळवावे. बायोडेटा जोडला आहे.’ हे चालेल का?

कुंडईची केमिस्ट:
नाही. यावर तो ‘कळवतो’ म्हणेल आणि विसरेल. कष्टाळू, प्रामाणिक ही विशेषणे गाळा. तुम्ही त्याच महाविद्यालयाचे आहात हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या, मग टायट्रेशन किंवा उपकरणांवर स्वतः केलेले एखादे काम सांगा आणि वीस मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारा. बायोडेटा त्याने मागितल्यावर पाठवा. आणि भेट झाली तर त्याच रात्री आभाराचा संदेश पाठवायला विसरू नका. मी विसरले होते, आणि आता तोच सीनियर माझ्या शेजारच्या टेबलावर बसून अजून त्यावरून चिडवतो.