गोळी सुरू केल्यावरचे पहिले दोन आठवडे

एसिटॅलोप्रॅम या चिंता-नैराश्यावरच्या गोळीच्या चौथ्या दिवशी मळमळ, थरथर आणि आधीपेक्षा जास्त धडधड, म्हणून गोळी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

माझंही अगदी असंच झालं होतं. ५ मिलिग्रॅमवर सुरुवात. पोटात सतत ढवळायचं, दोनदा जुलाब झाले, आणि जांभया तर विचारू नका! झोप आलेली नसताना मीटिंगमध्ये एकामागून एक. रात्री मात्र टक्क जागी. सकाळी जबडा दुखायचा, कारण झोपेत दात आवळले जायचे. हा गोळीचा परिणाम असू शकतो हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी दाताच्या डॉक्टरकडे जायच्या बेतात होते.

पोटाचं कारण कळल्यावर मला जरा धीर आला. ही गोळी सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनावर काम करते, आणि ते बहुतेक मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. त्यामुळे गोळीचा पहिला दणका तिथे बसतो. मन शांत व्हायला मात्र २ ते ६ आठवडे लागू शकतात. त्रास आधी, गुण नंतर, असा हा उलटा व्यवहार. रिकाम्या पोटी न घेता नाश्त्यानंतर घेतल्यावर माझी मळमळ बरीच कमी झाली. दहाएक दिवसांत थरथरही गेली.

याच चर्चेत कुणीतरी तुम्हाला शेजाऱ्यांची क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट शमवणारी गोळी, घेऊन बघा म्हटलंय. कृपा करून नको. तिची सवय लागते.

आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, चक्कर येऊन पडणं किंवा तापासह स्नायू ताठरणं असलं काही झालं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो.