सोयाबीनच्या ट्रायलमधले 2 प्लॉट पाण्यात गेले, गाईड म्हणतात आकडे ‘बसवून टाक’

काळी_जमीन (परभणी)
एमएस्सी अ‍ॅग्री, दुसरं वर्ष. सोयाबीनला गंधक आणि झिंकच्या मात्रा, आरबीडी (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटायच्या), 8 ट्रीटमेंट (मात्रांचे पर्याय), 3 रिप्लिकेशन (म्हणजे असे 3 ब्लॉक). सप्टेंबरच्या पावसात उताराकडच्या रिप्लिकेशनमधल्या 2 प्लॉटमध्ये पाणी साचलं, उत्पादन निम्म्यावर आलं. सीव्ही (आकड्यांमधला चढउतार) फुगलाय, निकाल एनएस, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, ट्रीटमेंटमधला फरक सिद्ध होत नाही. गाईड म्हणतात शेजारचे आकडे बघून बसवून टाक. शिवाय पेपरमध्ये त्यांच्या एका मित्राचं नाव घालायचंय, ज्यांनी ट्रायल पाहिलेलीसुद्धा नाही. थिसिसवर सही सरांचीच लागते. काय करू?

फील्डबुक
आकडे बसवू नका. त्याची गरजही नाही, ‘मिसिंग प्लॉट’ची पद्धत (गेलेल्या प्लॉटचा आकडा उरलेल्यांवरून सूत्राने काढायची) यासाठीच आहे. पण आधी एक तपासा: पाणी साचण्याचा ट्रीटमेंटशी संबंध आहे का? तुमची ट्रीटमेंट बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) विरुद्ध सपाट पेरणी अशी असती, तर पाण्याने घटलेलं उत्पादन हाच निकाल ठरला असता, तो प्लॉट वगळताच आला नसता. खताच्या मात्रा असतील आणि पाणी उतारामुळे आलं असेल, तर प्लॉट मिसिंग धरता येतो. अट एकच, पाणी साचल्याची नोंद काढणीच्या आधीची हवी. आकडा कमी दिसला म्हणून नंतर आठवलेलं कारण चालत नाही.

एक प्लॉट गेला असेल तर त्याचा आकडा असा काढा: ट्रीटमेंटची संख्या गुणिले त्या ट्रीटमेंटची उरलेली बेरीज, अधिक रिप्लिकेशनची संख्या गुणिले त्या ब्लॉकची उरलेली बेरीज, वजा एकूण बेरीज. याला (3−1)×(8−1), म्हणजे 14 ने भागा. एररचे डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे त्रुटीचा अंदाज किती स्वतंत्र आकड्यांवर उभा आहे ते) 14 चे 13 होतात. बरेच जण हेच कमी करायचं विसरतात आणि निकाल खोटाच सिग्निफिकंट येतो.

काळी_जमीन
माझे दोन गेलेत, एकाच ब्लॉकमधले. नोंद आणि फोटो 19 सप्टेंबरचे आहेत.

फील्डबुक
मग एकाला अंदाजे आकडा धरून दुसरा काढा, त्यावरून पहिला परत काढा. आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करा. डीएफ 12. त्या दोन ट्रीटमेंटची तुलना करताना नेहमीचा सीडी (फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) लावू नका, एसईडी (दोन सरासरींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी) मोठा येतो. फील्ड बुकात खाडाखोड नको; चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, सही, तारीख.

ज्वारीचं_कणीस
ताई/दादा, सरांना ‘हे चूक आहे’ असं म्हणत जाऊ नका. सगळ्या 24 प्लॉटचं आणि मिसिंग धरून केलेलं, अशी दोन्ही विश्लेषणं छापून न्या. म्हणा, “सर, एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) फील्ड बुक मागितलं तर हे जुळतं.” त्यांना वाट मिळते, तुमचा आकडाही शाबूत राहतो. तरी अडले, तर कमिटीतल्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांपुढे फक्त पद्धतीचा प्रश्न ठेवा, तक्रार नको. मिसिंग धरूनही एनएस आलं तर एनएसच लिहा. त्या जमिनीत त्या मात्रेने फरक सिद्ध झाला नाही, हेही शेतकऱ्याला कळायला हवं.

मित्राच्या नावाचं मात्र आत्ताच बोला, मसुदा तयार झाल्यावर नाव काढणं फार जड जातं. लेखक म्हणून नाव घालायला आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, कामाची जबाबदारी. चारही लागतात. कोणी काय केलं याचा तक्ता करून सरांना दाखवा, रिकामा रकाना आपणच बोलतो. त्यांनी खरंच काही मदत केली असेल तर ऋणनिर्देशात नाव घाला.