डब्ल्यूससच्या सर्व्हरवर डी ड्राइव्ह फुल झालाय, ६ जीबी उरलेत, काय उडवू?

वागळे_आयटीवाला:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. ठाण्यात वागळे इस्टेटला एका छोट्या कंपनीत आयटी मी एकटाच बघतो, १४० मशीन आहेत, बरीचशी विंडोज ११ आणि वीसेक अजून विंडोज १० वरच. विंडोज सर्व्हर २०१९ वर डब्ल्यूसस (मायक्रोसॉफ्टची अपडेट एकदा उतरवून कंपनीतल्या सगळ्या मशीनना वाटणारा प्रोग्राम) आहे, माझ्या आधीच्या माणसाने बसवलेला, त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. काल सकाळी अपडेट डाउनलोड होईनात म्हणून बघायला गेलो तर डी ड्राइव्हची पट्टी लाल, ५०० जीबीतले ६ शिल्लक, आणि त्यातले ४३८ एकट्या डब्ल्यूसस-कंटेंट फोल्डरने खाल्लेत. आत दोन-दोन अक्षरी नावांचे अडीचशेच्या वर फोल्डर आणि फायलींची नावं म्हणजे नुसती अक्षरं-आकड्यांची माळ, कुठली फाइल कशाची काही कळायला मार्ग नाही.

क्लीनअप विझार्ड पाचही टिक करून चालवला, दोन तास हिरवी पट्टी जागची हलली नाही आणि मग कन्सोलने एरर देऊन "रिसेट सर्व्हर नोड"चं बटण दाखवलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. साहेब म्हणतात नवीन डिस्क एप्रिलनंतर बघू. पुढच्या आठवड्यात महिन्याचा दुसरा मंगळवार येतोय, मायक्रोसॉफ्टचे नवे पॅच येणार, ते ६ जीबीत कसे मावतील? दोन वर्षांपेक्षा जुन्या तारखेच्या फायली सरळ शिफ्ट-डिलीट मारल्या तर चालतील का?

महापे_रात्रपाळी:
दादा, थांबा, त्या फोल्डरमधलं हाताने काहीही उडवू नका!! मी हे केलंय म्हणून सांगतो. तुम्ही फाइल उडवली तरी डेटाबेसला ते माहीत नसतं, एसयूएसडीबीत (डब्ल्यूससचा डेटाबेस) ते अपडेट अजून अप्रूव्ह्डच असतं, मग क्लायंट मशीन ते मागायला येतं आणि फाइल सापडत नाही, ०x८०२४४०१९ एरर येते म्हणजे सरळ सरळ ४०४. मग माणूस घाबरून डब्ल्यूससयुटिल रिसेट ही कमांड चालवतो, आणि रिसेटचं कामच हे की अप्रूव्ह केलेल्यांपैकी ज्या फायली नाहीत त्या परत खाली ओढायच्या. मी रात्री ९० जीबी मोकळे केले होते, सकाळी महापेहून घरी घणसोलीला पोचेपर्यंत परत डिस्क भरल्याचा अलर्ट आला. लाइनही तुंबली, डिस्कही भरली.

जागा मोकळी होते ती डिक्लाइन केल्याने, म्हणजे हे अपडेट आता नको असं डब्ल्यूससला सांगितल्याने. आधी डिक्लाइन, मग क्लीनअप, हा क्रम उलटा करून उपयोग नाही कारण विझार्ड फक्त ज्यांची गरज संपली त्याच अपडेटच्या फायली काढतो, आणि तो आपणहून डिक्लाइन करतो ते अगदी मोजकं. कन्सोलमध्ये ऑल अपडेट्स उघडा, अप्रूव्हलला "एनी एक्सेप्ट डिक्लाइन्ड" आणि स्टेटसला "एनी" निवडा, कॉलमच्या हेडिंगवर राइट क्लिक करून सुपरसीडन्स (कुठल्या अपडेटची जागा नव्याने घेतली ते दाखवणारा कॉलम) चालू करा. एक छोटं चिन्ह दिसेल, चौकोनांचा जिना असतो तसं. निळा चौकोन सगळ्यात वर असेल तर ते अपडेट ताजं आहे, त्याला हात लावू नका. मधे किंवा खाली असेल तर त्याच्या जागी नवीन आलेलं आहे, ते डिक्लाइन करता येतं, पण त्याआधी नवीन अप्रूव्ह झालंय आणि मशीनवर बसलंय हे बघून घ्या, नाहीतर अर्धी मशीन मधेच लटकतील.

आणि ऑप्शन्समध्ये ड्रायव्हर्स, सगळ्या भाषा आणि एक्सप्रेस फाइल्स (मशीनना कमी उतरवावं लागतं, पण सर्व्हरवर जास्त जागा खातात) टिक आहेत का ते आजच बघा. माझी पैज, किमान एक तरी टिक असणार.

ऐरोली_डीबीए:
वरच्यांचं बरोबर आहे, मी फक्त विझार्ड का अडकतो ते सांगते, कारण लोक तिथेच कंटाळून सोडून देतात. जुनी अपडेट डेटाबेसमधून एकेक करून काढली जातात आणि ज्या टेबलांत शोधावं लागतं त्यातल्या दोघांवर योग्य इंडेक्सच नाहीये, त्यामुळे एकेका अपडेटला मिनिटं लागतात आणि कन्सोलचा टाइमआउट होतो. tb ने सुरू होणारी ती दोन टेबलं आणि इंडेक्सची स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूसस मेंटेनन्सच्या पानावर आहे, तीच घ्या, इकडची तिकडची उचलू नका. डेटाबेस विंडोज इंटर्नल (विंडोजसोबतच येणारा) असेल तर एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ त्याच सर्व्हरवर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेम्ड पाइपने जोडावं लागतं. सगळ्यात आधी एसयूएसडीबीचा बॅकअप घ्या, आणि तो भरलेल्या डी वर ठेवू नका, प्लीज.

मग पाचही टिक एकदम न करता एकेक करा. जागा खरी मोकळी होते ती "अननीडेड अपडेट फाइल्स"वाल्या टिकने, तो शेवटी. कन्सोल तरी लटकला तर तेच क्लीनअप पॉवरशेलमधून करता येतं. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर, डब्ल्यूसस त्यावरच चालतं) डब्ल्यूसस-पूलची, म्हणजे डब्ल्यूससच्या प्रोसेसची, प्रायव्हेट मेमरी लिमिट पण बघा, मुळात १८४३२०० केबी असते म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास, १४० मशीन एकदम आली की पूल बंद पडतो. रॅम असेल तर ४ जीबी करा.

रबाळे_नेटवर्क:
जागेचं झालं, पण मला काळजी दुसरीच वाटतेय. कुणी हात लावलेला नाही म्हणालात, म्हणजे सर्व्हरला स्वतःला पॅच मारलाय का? ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमध्ये फार वाईट भोक सापडलं, लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर कोड चालवू शकतो असं, धोक्याचा स्कोअर १० पैकी ९.८ होता आणि पहिला पॅच अपुरा पडला म्हणून मायक्रोसॉफ्टला २३ ऑक्टोबरला वेगळा काढावा लागला. डब्ल्यूससचे ८५३० आणि ८५३१ पोर्ट इंटरनेटला उघडे असतील तर आधी ते बंद करा, डिस्क नंतर. आणि ते विंडोज १० वाले वीस, त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यांची शेवटची अपडेट चुकून डिक्लाइन करू नका, ती मशीन बदलेपर्यंत तीच आधार आहेत.

वागळे_आयटीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस लागले पण झालं. पोर्ट बाहेरून बंदच होते, सर्व्हरला पॅच नव्हता, तो पहिल्याच दिवशी मारला. ड्रायव्हर्सही टिक होते आणि भाषाही सगळ्या, फ्रेंच-जपानीसकट, एक्सप्रेस पण चालू. टिक काढल्याने आहे ते जात नाही हे मला माहीत नव्हतं, ड्रायव्हर वेगळे निवडून डिक्लाइन करावे लागले, एआरएम६४ प्रोसेसरच्या मशीनची अपडेट पण, कारण आमच्याकडे तसं एकही मशीन नाही. ताई, इंडेक्स टाकल्यावर जे दोन तासांत हलत नव्हतं ते रात्री लावून घरी गेलो आणि सकाळी आलो तर पूर्ण. शेवटच्या टिकनंतर फोल्डर ४३८ वरून १४३ जीबीवर आला. मंगळवारचे पॅच रात्री उतरले, सकाळी चार मशीनवर तपासले, व्यवस्थित बसले.

आता सी ड्राइव्हवर आयआयएसचे लॉग १९ जीबीचे दिसतायत, ते घेतो उद्या. ते तरी हाताने उडवले तर चालतात ना?

महापे_रात्रपाळी:
ते चालतात दादा, फक्त आजची फाइल सोडून. आणि महिनाभराच्या जुन्या आपोआप जातील असं शेड्यूल लावून टाका.