वाचन सुटलेल्या गटासाठी मराठी पुस्तकं: क्रम कसा लावावा?

विश्वामित्री
वडोदऱ्यात आम्ही नऊ जण महिन्यातून एकदा जमून मराठी पुस्तक वाचायचं ठरवतोय. घरी सगळेच मराठी बोलतात, पण पाच जणांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. हिंदीमुळे देवनागरी येते, तरी अख्खं मराठी पुस्तक त्यांनी कधी संपवलेलं नाही. उरलेल्या चौघांचं वाचन सुटून पंधरा-वीस वर्षं झाली. याद्या हव्या तितक्या मिळतात आणि प्रत्येकीत 'मृत्युंजय', 'स्वामी', 'कोसला' असतंच. मला क्रम हवाय: पहिलं कोणतं, दुसरं कोणतं आणि का. प्रती एकदम मागवायच्या आहेत, तेव्हा आवृत्ती घेताना काय बघायचं तेही सांगा.

पानखूण
पहिल्या महिन्याला डोळे झाकून 'बनगरवाडी' घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी दीडशे पानांच्या आत संपते. सवय नसलेला वाचक तासाला पंधरा पानं वाचतो असं धरा, म्हणजे नऊ-दहा तास. रोज अर्धा तास दिला तरी तीन आठवड्यांत पुस्तक हातावेगळं होतं आणि चौथा आठवडा मागे राहिलेल्यांना मिळतो. हाच हिशेब 'मृत्युंजय'ला लावून बघा: सातशेच्या वर पानं, म्हणजे तीन महिने. दुसऱ्या भेटीला लोक 'अर्ध्यावर आलोय' म्हणत येतात, तिसऱ्या भेटीला येतच नाहीत. त्यात पुस्तकाचा दोष नाही, महिन्याच्या भेटीत ते मावत नाही इतकंच.

दुसरं कारण भाषेचं. गोष्ट सांगणारा तरुण मास्तर आहे, तो प्रमाण मराठीत सांगतो. माणदेशी बोली धनगरांच्या तोंडी येते, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी पुढच्या ओळीत अर्थ लागतो. वाक्यं आखूड आहेत. शेकूकडे दुसरा बैल नसतो, तेव्हा बैलाच्या जोडीला त्याची बायको जू खांद्यावर घेते. लेखक तिथे हळहळत थांबत नाही, पुढे जातो. भेटीत तेवढाच भाग मोठ्याने वाचा, बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

दुसऱ्या महिन्याला 'स्मृतिचित्रे', पण फक्त पहिला भाग. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि तसंच ते वाचावं. सगळं एका महिन्यात संपवायला गेलात तर धाप लागेल. बोलल्यासारखं लिहिलेलं असल्यामुळे ते डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं. सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आहे: बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. वाचताना हसू फुटतं आणि त्याच ओळीत त्या घरातल्या बायकांची दमछाकही दिसते. इतक्या साध्या शब्दांत हे दोन्ही एकदम साधणारं गद्य मराठीत फार थोडं आहे.

तिसरं 'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. हीसुद्धा दीडशे पानांच्या आत. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीत नाझी जर्मनीतून सुटलेले ज्यू, आणि चक्रधर नि हेर्टा. आधी प्रस्तावना वाचू नका, कोणाला वाचूही देऊ नका. शेवट आधी कळला तर हेर्टाच्या पत्रांचा भार निम्मा होतो.

चौथं 'युगान्त'. इरावती कर्व्यांचे महाभारतावरचे हे लेख सुटे वाचता येतात. 'गांधारी', 'कुन्ती', 'द्रौपदी' हे तीन सगळ्यांनी वाचा, बाकीचे वाटून घ्या. 'पितापुत्र' मात्र ज्याला वाद आवडतो त्याच्याकडे द्या. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा, हा मुद्दा बाई तिथे पुराव्यांनिशी मांडतात आणि ते मान्य न होणारा एक तरी माणूस गटात निघतोच.

'कोसला' पहिल्या वर्षी नको. त्याआधीचं मराठी गद्य कानात असेल तर त्याचे लेखक भालचंद्र नेमाडे काय मोडतायत ते कळतं, नाहीतर नुसती वाट चुकल्यासारखं वाटतं.

फर्मा सोळा
क्रम पटला. आता प्रतींचं.

नऊही प्रती एकाच प्रकाशकाच्या, शक्यतो एकाच मुद्रणाच्या घ्या. कोणाकडे घरातली जुनी प्रत असेल तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि 'कुठे आहे ते?' यातच भेटीचा वेळ जातो. शीर्षकपानाच्या मागे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण छापलेलं असतं, ते विक्रेत्याकडून फोटो मागवून आधी बघा. त्याच पानावर किंवा मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' शब्द आहे का तेही पाहा. 'स्मृतिचित्रे' संक्षिप्त रूपातही मिळतं आणि घाईत तेच गळ्यात पडतं.

प्रती आल्या की त्याच दिवशी तपासा. शिवलेल्या बांधणीत पानं बहुधा सोळा-सोळाच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या गठ्ठ्यांनी येतात. कधी एक फर्मा दुबार लागतो आणि त्याच्या जागचा गळतो. प्रत्येक फर्म्याच्या सांध्यावर पान क्रमांक सलग आहेत का एवढं पाहिलं की पुरे, एका प्रतीला दोन मिनिटं. महिनाभराने लक्षात आलं तर प्रत बदलून मिळणं अवघड. जुन्या बाजारातून घेताना तर हे तिथेच उभं राहून करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचे पाच जण हिंदीच्या वाटेने देवनागरीत आलेत. १९६२च्या लेखननियमांआधी छापलेल्या प्रतींत 'नाहीं', 'कांहीं', 'तें', 'जें' असे अनुस्वार असतात. ते आपल्या प्रमाण बोलण्यात उच्चारले जात नाहीत. हिंदीची सवय असलेला वाचक 'नाहीं' हे 'नहीं'सारखं नाकात वाचतो. त्यांना सांगा, तिथलं टिंब सोडून द्या. 'केलं', 'घर बांधलं', 'माणसं' यांतलं टिंब मात्र सोडायचं नाही. तिथे शेवटचा 'अ' किंचित लांबवायचा असतो. हिंदीवाला तो 'केलम्' असा वाचतो आणि वाक्याची लय मोडते. पहिल्या भेटीत पाच-सहा ओळी वाचून एवढा फरक दाखवलात की पुढचं वाचन सैल होतं. नवीन मुद्रणात जुने अनुस्वार सहसा काढलेले असतात, म्हणून या गटाला नवीच प्रत द्या.

आणखी एक. पुढे कधी 'माझा प्रवास' घेतलंत तर विक्रेत्याला नुसतं नाव सांगू नका. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत होते, त्याची ती हकिकत. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापताना मजकुरात बदल केले होते. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी संपादित केलेली प्रत १९६६ची. निम्म्या गटाकडे एक आणि निम्म्याकडे दुसरी असेल तर चर्चा जुळणारच नाही.

वऱ्हाडवाट
यादीत 'धग' नाही हे खटकलं. उद्धव शेळक्यांची ही १९६०ची कादंबरी पाचव्या महिन्याला घ्याच. शिंपी कुटुंबातली कौतिक संसार पुन्हा पुन्हा सावरते आणि तो पुन्हा पुन्हा कोसळतो. गरिबीवर इतक्या जवळून, इतक्या थोड्या शब्दांत लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं.

वऱ्हाडीला घाबरू नका, तीन खुणा लक्षात ठेवा. 'मला-तुला'चं 'मले-तुले' होतं. 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो: डोळा म्हणजे 'डोया', काळा म्हणजे 'काया'. आणि 'काहून' म्हणजे का. एवढ्यावर निम्मे संवाद सुटतात. पहिली वीस पानं मनात न वाचता तोंडाने वाचा. लिहिलेलं अनोळखी वाटतं, ऐकलेलं कळतं.

पानखूण
'धग' थोर आहेच, त्यात वाद नाही. पण पाचवं म्हणून नको, आठवं-नववं ठेवा. 'रणांगण' आणि 'युगान्त' यांच्यानंतर लगेच आणखी एक जड पुस्तक आलं की लोक थकतात. मध्ये 'व्यक्ती आणि वल्ली'मधली तीन-चार माणसं घ्या, अंतू बर्वा त्यात असू द्या. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मात्र महिना लावून वाचायचं नाही. ते वर्षभर बाजूला ठेवा आणि ज्या महिन्यात भेट असेल त्या महिन्याचा लेख भेटीच्या सुरुवातीला एकाने वाचून दाखवावा.

विश्वामित्री
फार उपयोगी. एकच विचारते: पहिल्या भेटीआधीच प्रती वाटू का? दोघी-तिघी न वाचताच येतील अशी धास्ती आहे.

पानखूण
आधी वाटू नका. पहिल्या भेटीला एकच प्रत ठेवा आणि 'बनगरवाडी'ची सुरुवात, मास्तर अंधारात गावाकडे चालत निघतो तिथपासून, आळीपाळीने वाचा. एकाने दोन पानं, मग दुसऱ्याने. अडखळणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका, अडलेला शब्द कागदावर टिपा आणि शेवटी सांगा. चाळीस मिनिटांत थांबा, मास्तर गावात पोचून पहिली माणसं भेटायला लागली की तिथेच पुस्तक मिटा. प्रती जाताना दारात द्या.